समाजविघातक व्यक्तिमत्त्वाचे उपचार आणि ‘दो आँखें बारह हाथ’ : एक चिकित्सक अभ्यास

प्रास्ताविक :

अपसामान्य मानसशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात ‘समाजविघातक व्यक्तिमत्त्वविकृती’ हा घटक लक्षणे, कारणे व उपचार अशा ठरलेल्या क्रमाने शिकविला जातो. लक्षणांचे विवेचन विस्ताराने होते, कारणांची चर्चा बऱ्यापैकी होते आणि उपचार मात्र चार ओळींत आटोपतात. त्या चार ओळींचा आशय बहुधा एवढाच असतो, की या व्यक्ती उपचारांना दाद देत नाहीत. अशा वेळी वर्गातील एखादा विद्यार्थी उभा राहतो आणि विचारतो, ‘‘सर, मग ‘दो आँखें बारह हाथ’मधले सहा खुनी सुधारले ते कसे?’’ वर्ग हसतो, तासाची घंटा होते आणि प्रश्न तसाच राहतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे. व्ही. शांताराम यांचा 1957 चा हा चित्रपट भारतीय प्रेक्षकाच्या मनात ‘गुन्हेगाराची सुधारणा’ या कल्पनेचे जणू प्रमाणचित्र होऊन बसला आहे. म्हणूनच त्याची केवळ कलाकृती म्हणून समीक्षा करणे पुरेसे नाही. त्यात गृहीत धरलेल्या उपचारविचाराचीही तपासणी व्हावयास हवी. या तपासणीस बीड जिल्ह्यात एक निकडीचा संदर्भ आहे. 9 डिसेंबर 2024 रोजी केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांचे अपहरण करून त्यांची हत्या करण्यात आली. त्यानंतर ‘विकृत’ हा शब्द जिल्ह्यातील पारावर, वर्तमानपत्रांत आणि प्राध्यापक कक्षांतही सहजपणे वापरला जाऊ लागला. त्या प्रकरणाचा निवाडा हा न्यायालयाचा विषय आहे आणि वर्तमानपत्र वाचून कोणाचेही निदान करता येत नाही. परंतु शब्द वापरणारे आपणच आहोत, तेव्हा त्याचा अर्थ व त्याचे परिणाम तपासण्याची जबाबदारीही आपलीच ठरते.

कथेची भूमी :

‘दो आँखें बारह हाथ’ची कथा ग. दि. माडगूळकर यांची. त्यांचे बालपण औंध संस्थानातील माणदेशात गेले. याच संस्थानात आटपाडीजवळ 1939 च्या सुमारास ‘स्वतंत्रपूर’ ही खुली वसाहत उभी राहिली. संस्थानाधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या प्रेरणेने हा प्रयोग हाती घेतला होता. शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीबाहेर काढावे, त्यांना जमीन द्यावी, कुटुंबासह राहू द्यावे आणि शेतीच्या श्रमातून त्यांनी स्वतःचे जीवन उभे करावे, अशी ती कल्पना होती. संस्थाने गेली, राज्ये बदलली. परंतु आज सांगली जिल्ह्यात मोडणारी ही वसाहत टिकून राहिली.

चित्रपटात या वास्तवाचे रूपांतर कसे झाले आहे हे पाहण्यासारखे आहे. आदिनाथ हा तरुण जेलर सहा खुनी कैद्यांना तुरुंगातून एका ओसाड माळावर नेतो. तेथे ते राबतात, पळून जाण्याचा विचार करतात, परततात, भाजी पिकवितात व वाजवी भावात विकतात. त्यामुळे बाजारातील व्यापारी दुखावतात. शेवटी उभे पीक तुडविण्यासाठी सोडलेल्या जनावरांना अडविताना आदिनाथचा मृत्यू होतो आणि त्याचे डोळे आपल्यावर रोखलेले आहेत या जाणिवेने कैदी त्याच मार्गावर राहतात. या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले आणि 1958 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वलाचा बहुमानही मिळाला.

वास्तव आणि कथा यांतील फरक मात्र मूलभूत आहे. स्वतंत्रपुरात केंद्रस्थानी व्यवस्था होती : जमीन, कुटुंब, काम, नियम आणि बदलत गेलेले अनेक अधिकारी. चित्रपटात केंद्रस्थानी एक महात्मा आहे. स्वतंत्रपूर कोणाच्याही बलिदानावाचून चालू राहिले, तर चित्रपटातील प्रयोगाला पूर्णत्वासाठी बलिदान लागले. नाट्याच्या दृष्टीने हे रूपांतर समर्थनीय आहे. उपचाराच्या दृष्टीने मात्र येथेच पहिली अडचण निर्माण होते, कारण प्रेक्षकाच्या मनावर ठसते ते महात्म्याचे तेज, व्यवस्थेचे काम नव्हे.

डोळे कोणाचे, हात कोणाचे :

चित्रपटाचे शीर्षक सूचक आहे. दोन डोळे जेलरचे आणि बारा हात कैद्यांचे. सहा माणसे असूनही शीर्षकात त्यांना डोळे नाहीत. पाहण्याचे काम एकाचे व करण्याचे काम इतरांचे, अशी ही वाटणी आहे. आदिनाथ कैद्यांकडे पाहतो, त्या पाहण्याने ते खजील होतात आणि खजील होण्यातून सुधारतात, असे या चित्रपटातील उपचारांचे सूत्र मांडता येईल. आपल्या परंपरेला हे सूत्र परके नाही. वाल्या कोळ्याचा वाल्मीकी होतो ही कथा आपण बालपणीच ऐकलेली असते. ज्ञानेश्वरांनीही पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्या मनातील वाकडेपणा जावा असे मागितले. हृदयपरिवर्तनावरील हा विश्वास मराठी मनाचा मोठाच ठेवा आहे आणि शांतारामांचा चित्रपट त्याच ठेव्यावर उभा आहे.

परंतु या सूत्राला एक पूर्वअट आहे. पाहणाऱ्याच्या नजरेने खजील होण्याची क्षमता पाहिल्या जाणाऱ्याच्या ठिकाणी असावी लागते. चित्रपटातील सहाही जणांजवळ ती आहे. ते रडतात, लाजतात, शब्द पाळू पाहतात. त्यांनी खून केले आहेत. पण खून करणे आणि समाजविघातक व्यक्तिमत्त्व असणे या दोन भिन्न गोष्टी होत. बांधाच्या भांडणात, दारूच्या भरात किंवा अपमानाच्या क्षणी हातून खून झालेला मनुष्य जन्मभर पश्चात्तापाने जळत असू शकतो. उलट, कधीही खून न करणारा, गोड बोलून दहा कुटुंबांना देशोधडीस लावणारा आणि त्याची रात्रीच्या झोपेइतकीही किंमत न मोजणारा मनुष्य प्रतिष्ठित म्हणून वावरत असू शकतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हर्व्ही क्लेक्ली यांनी 1941 मध्ये ‘द मास्क ऑफ सॅनिटी’ या ग्रंथात अशाच माणसांचे वर्णन केले होते. त्यांच्या चेहऱ्यावर शहाणपणाचा मुखवटा असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

निदान आणि गुन्हा :

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेनुसार या निदानासाठी व्यक्तीचे वय किमान 18 वर्षे असावे लागते, पंधराव्या वर्षापूर्वी वर्तनविकाराचा पुरावा असावा लागतो आणि सात निकषांपैकी किमान तीन निकष पूर्ण व्हावे लागतात. वारंवार कायदेभंग, फसवणूक, उतावीळपणा, आक्रमकता, सुरक्षिततेविषयी बेपर्वाई, सातत्याने बेजबाबदारपणा आणि पश्चात्तापाचा अभाव हे ते सात निकष होत. पश्चात्तापाचा अभाव हा सातांपैकी केवळ एक निकष आहे, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. म्हणजेच ज्यांना पश्चात्ताप होतो अशाही काही व्यक्ती या निदानाखाली येतात आणि ज्यांना तो मुळीच होत नाही अशाही येतात. रॉबर्ट हेअर यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुधारित पडताळासूचीने यांतील दुसऱ्या, संख्येने लहान परंतु अधिक कठीण गटाकडे विशेष लक्ष वेधले. त्या गटासाठी ‘सायकोपॅथी’ ही संज्ञा रूढ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून अमलात आलेल्या अकराव्या वर्गीकरणाने तर व्यक्तिमत्त्वविकृतीचे जुने कप्पे बाजूस सारून विकृतीची तीव्रता आधी ठरवावी आणि समाजविघातकता हा तिचा एक गुणविशेष म्हणून नोंदवावा, अशी भूमिका घेतली आहे.

गुन्हेगारी आणि ही विकृती यांचा संबंध आहेच. पण तो समीकरणाचा नाही. फझेल व डॅनेश यांनी 2002 मध्ये 12 पाश्चात्त्य देशांतील 62 सर्वेक्षणांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात सुमारे 47 टक्के पुरुष कैद्यांमध्ये ही विकृती आढळली. हे आकडे आपल्या तुरुंगांना जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तरीही त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. तुरुंगातील पुरुषांतही निम्म्याहून अधिक जणांना हे निदान लागू पडत नव्हते. मग पारावर बसून एखाद्या गावाला, जातीला किंवा वस्तीला ते लावणे सर्वथा अशास्त्रीय ठरते.

उपचारांचा अनुभव :

खजील होण्याची क्षमताच क्षीण असेल तर उपचार कसे करावयाचे, या प्रश्नाला जगाने दिलेली उत्तरे उद्‌बोधक आहेत. कॅनडातील पेनेटँग्विशीन येथील ओक रिज या सुरक्षित रुग्णालयात 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात एक धाडसी प्रयोग सुरू झाला. रुग्णांनीच एकमेकांवर उपचार करावयाचे, दीर्घकाळ एकत्र राहून मन उघडे करावयाचे, अधिकाऱ्यांनी बाजूस राहावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. राइस, हॅरिस व कॉर्मियर यांनी 1992 मध्ये त्याचे फलित प्रसिद्ध केले. सायकोपॅथी नसलेल्या रुग्णांमध्ये नंतरच्या हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण घटले होते. सायकोपॅथी असलेल्यांमध्ये मात्र ते उपचार न घेतलेल्या तशाच व्यक्तींपेक्षा वाढलेले होते. दुसऱ्याच्या भावना ओळखावयास ते शिकले, पण ते ज्ञान त्यांनी फसवणुकीसाठी वापरले, असा अर्थ अभ्यासकांनी लावला. एकच औषध दोन माणसांवर उलट परिणाम करते, हा या प्रयोगाचा धडा होय. आदिनाथच्या माळावर असा एक जरी कैदी असता तरी काय घडले असते, याचा विचार चित्रपटाने केलेला नाही.

या अभ्यासानंतर उपचारांविषयी निराशा दाटून आली. परंतु ती निराशाही पुराव्याच्या पुढे धावणारी होती. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात 1995 पासून चालू असलेल्या मेंडोटा येथील किशोर उपचार केंद्रात इतर संस्थांना न आवरणारी मुले ठेवली जातात. तेथे शिक्षेची चढती भाजणी थांबवून रोजच्या वर्तनाला रोजच्या रोज मोबदला देण्याची पद्धत अवलंबिली गेली. तेथून बाहेर पडलेल्या मुलांमध्ये हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण तुलनात्मक गटापेक्षा कमी आढळले. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने 2009 मध्ये या विकृतीसाठी स्वतंत्र शिफारशी केल्या. केवळ या विकृतीसाठी औषधे नेहमीच्या उपचाराचा भाग म्हणून देऊ नयेत, व्यसन, नैराश्य वा चिंता सोबत असल्यास त्यांवर अवश्य उपचार करावेत आणि गुन्हे करणाऱ्यांसाठी विचार व वर्तन यांवर काम करणारे गटोपचार योजावेत, असा त्यांचा सारांश आहे. 2020 मध्ये अद्ययावत झालेल्या कॉक्रेन आढाव्याने मात्र मानसोपचारांचा उपलब्ध पुरावा तोकडा व कमी दर्जाचा असल्याचे बजावले. 2025 मध्ये इंग्लंड व वेल्समधील प्रोबेशनवरील पुरुषांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्वतःच्या व दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे याचा विचार करावयास शिकविणारा गटोपचार घेतलेल्यांत आक्रमकता घटल्याचे त्यात दिसून आले.

या शेवटच्या उपचाराची दिशा चित्रपटाच्या दिशेहून नेमकी उलट आहे. चित्रपटात उपचारकाचे डोळे रुग्णावर रोखलेले असतात. या उपचारात रुग्णाला स्वतःचे डोळे मिळावेत असा प्रयत्न असतो. समोरचा का चिडला, मी हात उगारला तेव्हा त्याच्या मनात काय होते, माझ्या मनात काय होते, या प्रश्नांकडे त्याने स्वतः पाहावे, गटातील इतरांनी त्याला ते पुनःपुन्हा विचारावेत, हे काम संथ व कष्टाचे असते. ओक रिजचा इशाराही येथे विसरता येत नाही. दुसऱ्याचे मन वाचावयास शिकविणे आणि त्या वाचनाचा दुरुपयोग झाल्यास ठरलेला परिणाम ठरलेल्या वेळी होणे, या दोन्ही गोष्टी एकत्र असाव्या लागतात. विश्वास हवा, पण गाफीलपणा नको. आदिनाथपाशी पहिली गोष्ट विपुल होती. दुसरीची तरतूद पटकथाकाराने केली नाही, कारण त्याच्या कैद्यांना तिची गरजच पडली नाही.

बीडच्या संदर्भात :

हा विचार बीड जिल्ह्यात आणून पाहिल्यास तीन गोष्टी समोर येतात.

पहिली गोष्ट निदानाची. काम टिकवून न धरणे आणि आर्थिक देणी न फेडणे ही निदानपुस्तिकेत बेजबाबदारपणाची खूण मानली आहे. आता धारूर, वडवणी किंवा शिरूर कासार तालुक्यातील एखादे ऊसतोड कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, दसरा-दिवाळीनंतर बिऱ्हाड गाडीत घालून पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जावयाचे, हंगाम संपता परतावयाचे आणि उचल फिटली नाही तर तीच पुढच्या वर्षावर न्यावयाची. या कोयत्याला वर्षभराचे स्थिर काम नाही आणि कर्ज तर पिढीजात आहे. पुस्तकातील निकष यांत्रिकपणे लावला तर शोषणालाच विकृतीचे नाव मिळेल. दारिद्र्यात जगण्यासाठी केलेल्या धडपडीला हे निदान चुकीने लावले जाऊ शकते, असा इशारा खुद्द त्या पुस्तिकेनेच दिला आहे.

हा धोका काल्पनिक नाही. 1871 च्या कायद्याने माणसांच्या अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या आणि तो कायदा 1952 मध्ये रद्द होईपर्यंत सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड हजेरी देत पिढ्या जगल्या. ‘सुधारणा’ हा शब्द तेथेही वापरला जात होता. म्हणजे एकाच काळात, एकमेकांपासून फारशा दूर नसलेल्या दोन ठिकाणी गुन्हेगाराविषयीचे दोन विचार नांदत होते. सोलापुरात ज्याने काही केलेले नाही त्यालाही कुंपण होते. स्वतंत्रपुरात ज्याच्यावर गुन्हा सिद्ध झाला होता त्यालाही कुंपण नव्हते. आष्टी-पाटोद्याकडील पारधी वस्तीवर चोरीच्या प्रत्येक तपासात आधी गाडी जाते तेव्हा यांपैकी कोणता विचार आपल्यात जिवंत आहे हे कळून येते.

दुसरी गोष्ट उपचारांच्या सोयीची. राज्यातील पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील चारही जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये मराठवाड्याबाहेर आहेत. जिल्ह्यात अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हाच मोठा आधार आहे. गोदावरीपलीकडे पैठण येथे खुले कारागृह आहे. परंतु तेथील प्रवेश चांगल्या वर्तणुकीवर अवलंबून असतो. ज्याला उपचाराची सर्वाधिक गरज तोच निवडीत गळतो, हा खुल्या कारागृहाच्या कल्पनेतील पेच आहे. तो नियम चुकीचा नाही. सुरक्षिततेसाठी तो आवश्यकच आहे. मात्र त्यामुळे खुले कारागृह हे या विकृतीवरील उत्तर ठरत नाही. त्यासाठी बंद तुरुंगातच गटोपचाराची सोय हवी. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना असावी असे सांगितले आहे. उपचारांचा आग्रह धरावयाचा तर त्याला हा कायदेशीर आधार आहे.

तिसरी गोष्ट वयाची. हे निदान 18 व्या वर्षी होत असले तरी त्याची पूर्वचिन्हे पंधराच्या आत दिसतात. येथे शिक्षकाचा संबंध थेट येतो. प्राण्यांना छळणारा, सतत खोटे बोलणारा, लहानांना मारणारा मुलगा हा पुढे समाजविघातक होतोच असे नाही. अशी बहुसंख्य मुले पुढे तशी होत नाहीत. परंतु उपचारांना अधिक प्रतिसाद मिळण्याची शक्यता याच वयात असते आणि त्यांत पालकांच्या प्रशिक्षणाचा वाटा मोठा असतो. येथे मात्र पालक सहा महिने फडावर आणि मूल आजीपाशी गावात असते. स्थलांतरामुळे मूल गुन्हेगार होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. अडचण आली असता त्याच्याजवळ बसणारे प्रौढ माणूस त्या सहा महिन्यांत नसते, एवढेच म्हणता येईल. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 2021 मध्ये मंजूर झालेल्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. वसतिगृहात जेवणाची व अंथरुणाची सोय होते. तेथे मुलाचे ऐकून घेणारा प्रशिक्षित समुपदेशक असेल तर तीच जागा प्रतिबंधात्मक उपचाराची ठरू शकेल.

समारोप :

प्रारंभी नोंदविलेल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. चित्रपटातील सहा जण सुधारले, कारण त्यांच्या ठिकाणी लाज जिवंत होती. त्यांना गरज होती ती काम, मान आणि विश्वास यांची. अशा माणसांसाठी तो चित्रपट आजही खरा आहे आणि आपल्या तुरुंगांत अशी माणसे पुष्कळ आहेत. ज्यांच्या ठिकाणी ती लाज क्षीण आहे त्यांच्यासाठी तो अपुरा आहे. तेथे रोखलेल्या डोळ्यांऐवजी शिस्तबद्ध, दीर्घकालीन आणि नेमक्या मर्यादांचे उपचार लागतात. त्यांचे यश मर्यादित असते. पण मर्यादित यश म्हणजे अपयश नव्हे. एक मारहाण टळली तर एक घर वाचते.

‘अशांना फासावरच द्यावे’ आणि ‘प्रेमाने सारे सुधारतात’ ही दोन्ही विधाने वरवर परस्परविरोधी वाटली तरी त्यांचा परिणाम सारखाच होतो. दोन्हींमुळे उपचारांची कष्टाची, कंटाळवाणी, निधी मागणारी बाजू आपल्या नजरेआड राहते. आदिनाथसारखा महात्मा प्रत्येक तुरुंगाला मिळणार नाही आणि मिळाला तरी त्याच्या मृत्यूवर कोणतीही योजना उभी करता येणार नाही. स्वतंत्रपूर टिकले ते व्यवस्था म्हणून. अपसामान्य मानसशास्त्राच्या तासाला उपचारांच्या त्या चार ओळी शिकविताना निदान एवढे तरी आपण सांगितले पाहिजे, की ‘दाद देत नाहीत’ हा निष्कर्ष नसून अर्धवट राहिलेले काम आहे. आणि ‘विकृत’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी तो कोणाविषयी, कोणत्या पुराव्याने आणि पुढे काय करण्यासाठी उच्चारतो आहोत, हे स्वतःस विचारले पाहिजे.